समुद्रात गरवायला जायचंय? शनिवार-रविवार तिथी बघून ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याचे पाच मित्र, डिसेंबरमधला एक शनिवार-रविवार, देवगडला होडी ठरवून समुद्रात गळाने मासे धरायचे. आजवरचा अनुभव धरणांवरचा. सामान कोणतं न्यावं, होडी कशी ठरवावी, बोट लागली तर काय करावं आणि नाताळला जोडून सुट्टी आहे तेव्हाच जावं का, असं विचारलं आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. दिवस सुट्टी बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. भरती-ओहोटीत पाणी खूप चढतं-उतरतं, म्हणून ओढही जोरात असते. दहा-पंधरा वाव पाण्यात (एक वाव म्हणजे सुमारे 6 फूट) 100 ग्रॅमचं शिसं (दोरी तळाला नेणारं वजन) तळाला टिकत नाही. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तिरकी वाहत जाते, आमिष मधल्या पाण्यात लोंबकळतं आणि तळाचा मासा त्याच्यापर्यंत येतच नाही. नवखा माणूस यावर उपाय म्हणून शिसं वाढवतो. मग 250 ग्रॅम वजन दिवसभर वर-खाली ओढून हात भरून येतात आणि मासा टोचतोय हेही कळत नाही. उलट अष्टमीनंतर भांगाचं पाणी असतं. ओढ कमी, पाणी नितळ, हलकं शिसंही तळाला बसतं.

भांग नेमका अष्टमीला नसतो, एक-दोन दिवस मागाहून येतो. म्हणून नवमी ते एकादशी यांच्यात पडणारा रविवार सगळ्यांत चांगला. भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब तुम्हाला माहीत असेल: तिथीला पाऊणने गुणायचं. दशमीला साडेसात. हा हिशोब मुंबईचा. सिंधुदुर्गात भरती त्याच्या थोडी आधी लागते, त्यामुळे नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या. पण गणित कसं जुळतं ते बघा. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि दशमीला भरतीही त्याच सुमाराला पूर्ण होऊन पाणी परतायला लागतं. मासा तोंड लावतो तो पाणी फिरण्याच्या आधी तासभर आणि नंतर तासभर. पहाटेचा उजेड आणि पाण्याचं फिरणं एकाच वेळी मिळणं हा वर्षातल्या मोजक्या रविवारांचा योग असतो. तो सोडून उधाणातली लांब सुट्टी घेऊ नका.

दुसरं गणित वाऱ्याचं. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. तो हलका असतो आणि किनाऱ्याजवळ लाट उठू देत नाही. दहा-अकरानंतर खारा वारा सुरू होतो, वायव्येकडून, आणि दुपारी तो जोर धरतो. त्यामुळे उजाडता उजाडता निघायचं आणि अकराच्या आत बंदरात परत यायचं. "अजून अर्धा तास थांबू, आत्ताच लागायला लागलेत" हा आग्रह होडीत कुणी ना कुणी धरतो. तेव्हा तांडेलाचं, म्हणजे होडी चालवणाऱ्याचं, ऐका. खाडीच्या तोंडावर बाहेर जाणारी ओहोटी आणि आत येणारा वारा समोरासमोर आले की लाट आखूड आणि उभी होते, आणि छोटी होडी अशा लाटेत नाळ (पुढचं टोक) खुपसते. देवगडचं बंदर आडोशाचं आहे म्हणून तिथे धोका कमी. आचरा किंवा देवबागसारख्या वाळूचा दांडा असलेल्या खाडीतून निघणार असाल तर परतताना दांड्यावर किती पाणी असेल हे निघण्यापूर्वीच विचारून घ्या.

आदल्या संध्याकाळी इन्कॉइस या केंद्र सरकारच्या महासागर माहिती संस्थेचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छिमारांसाठीचा इशारा, दोन्ही बघा. सात-आठ मीटरच्या होडीसाठी वारा ताशी 18 किलोमीटरच्या आत आणि लाट मीटरभराच्या आत असेल तर निर्धास्त जा. वारा 28 च्या पुढे असेल तर जाऊ नका. बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी हवेचा इशारा) लागला असेल तर विषयच संपला. पैसे दिलेत म्हणून होडी काढायला लावणं हा समुद्रावरच्या अपघातांचा एक मोठा रस्ता आहे. होडी ठरवतानाच बोलून ठेवा की हवा बिघडली तर खाडीत गरवू आणि ठरलेले पैसे तेवढेच देऊ. तांडेलावर बाहेर जायचा दबाव राहत नाही.

होडीबद्दल. मासेमारीच्या नौकेला परवाना मासेमारीचा असतो, प्रवासी नेण्याचा नाही. प्रवासी नेणाऱ्या होडीला महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा परवाना लागतो आणि त्यावर माणसांची संख्या ठरलेली असते. तो कागद बघा. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि ते अंगात. फळीखाली कोंबलेलं जॅकेट माणूस पाण्यात पडल्यावर उपयोगाचं नाही. वल्ही किंवा दुसरं छोटं इंजिन, पाणी उपसायला डबा, निदान एक वायरलेस संच (व्हीएचएफ, चॅनेल 16), टॉर्च, शिट्टी. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक 1554, सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच भरून ठेवा. फोन जलरोधक पिशवीत. मूळ ओळखपत्र प्रत्येकाजवळ हवं, समुद्रात तपासणी होते. किनाऱ्यावर एकाला सांगून ठेवा: कुठे जातोय, कधी परत येणार, उशीर झाला तर कुणाला कळवायचं.

पाच जण, तांडेल आणि एक खलाशी म्हणजे सात. होडी साधारण 24 फुटी असेल तर एका वेळी चारच्या वर तंगुसा पाण्यात नकोत. पाचवी पडली की गुंता होणारच, आणि मासा लागण्याच्या नेमक्या वेळी सगळे गुंता सोडवत बसलेले असतात. पाळी लावा, अर्ध्या-अर्ध्या तासाची. ज्याची पाळी नाही तो आमिष कापेल आणि जाळी धरून उभा राहील. ते कामही लागतंच.

दोन दिवसांची मांडणी कशी करावी? शुक्रवारी रात्रभर गाडी चालवून शनिवारी पहाटे थेट होडीत बसणं ही पुण्या-मुंबईच्या मंडळींची नेहमीची चूक. झोप नसली की बोट हमखास लागते. शनिवारी पोचा, जेवा, झोपा. संध्याकाळी खाडीत किंवा धक्क्याजवळ दोन तास हलक्या सामानाने सराव करा. मुडदुशी, करकरा, लहान तांबोशी असं काहीबाही मिळतं. मुख्य म्हणजे गाठी, रीळ आणि हात यांची परीक्षा जमिनीवरच होऊन जाते. समुद्र रविवारी पहाटे.

आता सामान. धरणावरचे रॉड चालतील का? कटला-रोहूसाठी मजबूत रॉड असेल तर तळाच्या गरवण्यासाठी चालेल, पण रीळ खाऱ्या पाण्यात टिकणारं हवं. साडेसहा-सात फुटी रॉड, 4000 ते 6000 आकाराचं रीळ, त्यावर 30 पौंडाची वेणीची दोरी (ब्रेड) 200 मीटर, आणि पुढे दीड मीटर 40-50 पौंडाची जाड तंगूस. वेणीची दोरी खडकाला घासली की लगेच कापते, म्हणून पुढची जाड तंगूस लागतेच. रीळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना दोरी सुटू देणारा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी ठेवा. 30 पौंड म्हणजे साडेतेरा किलो, तेव्हा 3 ते 4 किलो. अंदाजाने नको, दोरीला साधा ताणकाटा अडकवून ओढून बघा. बहुतेकांचा ड्रॅग एक तर इतका आवळलेला असतो की पहिल्याच धक्क्याला गाठ तुटते, नाहीतर इतका सैल की गळ रुततच नाही.

रॉड नसेल त्याने वाईट वाटून घेऊ नये. कोकणात आजही उत्तम गरवणारे हातानेच गरवतात. 0.70 ते 0.80 मिलिमीटरची तंगूस, 60 मीटर, लाकडी किंवा प्लास्टिकच्या रिळावर. तळाच्या माशासाठी हाताची तंगूस मला रॉडपेक्षा सरस वाटते, कारण टोच थेट बोटाला कळते. फक्त तर्जनीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा. मोठा मासा धावला की ओली तंगूस बोट चिरते. ती कधीही हाताला गुंडाळून धरू नका, आणि सुटलेला वेढा पायात येऊ देऊ नका.

तळाची बांधणी अशी. सगळ्यांत खाली शिसं, त्याच्यावर 40-45 सेंटिमीटरवर पहिला गळ, आणखी तेवढंच वर दुसरा. गळाच्या फांद्या 20-25 सेंटिमीटर. त्याहून लांब ठेवल्या तर मुख्य दोरीला गुंडाळतात. शिसं मात्र मुख्य तंगुसेने बांधू नका, निम्म्या ताकदीच्या बारीक तंगुसेने बांधा. खडकात अडकतं ते शिसंच. बारीक तंगूस तुटली की फक्त शिसं जातं, गळ आणि मासा परत येतात. देवगडच्या बाहेरच्या खडकाळ तळावर माणशी आठ-दहा शिशी खर्ची पडतील असं धरून चाला: 60, 90 आणि 120 ग्रॅम, तीन वजनांची. नियम एकच, तळाला टिकेल असं सगळ्यांत हलकं वजन.

गळ तांबोशी आणि गोबऱ्यासाठी 2/0 ते 5/0 आकाराचे. त्यापेक्षा लहान गळ मोठा मासा सरळ करून टाकतो. बांगड्यासाठी बारीक पिसांच्या गळांची तयार माळ मिळते, ती दोन घ्या. बांगड्याचा थवा लागला तर तेच ताजं आमिष. सुरमईच्या बांधणीत 30 सेंटिमीटर तारेचा तुकडा लागतो, कारण तिचे दात तंगूस ब्लेडसारखी कापतात. गाठ पालोमार किंवा युनी, एकच शिका पण अंधारात बांधता येईल इतकी शिका. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि तिथेच तंगूस कमजोर होते.

आमिषात कंजुषी नको. कोलंबी, बांगडा, तारली, माकुल (स्क्विड), यांतलं जे सकाळी बंदरावर ताजं मिळेल ते. पाच जणांना दोन-अडीच किलो पुरे. कोलंबी लहान मासे लगेच कुरतडतात. माकुलाची पट्टी चिवट असते, ती गळावर टिकते. दोन गळ असतील तर खाली माकुल, वर बांगड्याचा काप. बांगड्याचा काप कातडीकडून एकदाच टोचा आणि गळाचं टोक उघडं ठेवा. आमिषाचा गोळा करून टोक झाकलं की मासा खाऊन जातो आणि तुम्ही तसेच बसून राहता. आमिषही बर्फात ठेवा, उन्हात मऊ पडलेला बांगडा गळावर राहत नाही.

जागा तांडेलाला माहीत असते. त्याला "मोठे मासे कुठे" असं विचारू नका, "खडप (पाण्याखालचा खडक) कुठे संपतो" ते विचारा. खडकाच्या आणि वाळूच्या सीमेवर तांबोशी फिरते, गोबरा खडकाच्या कपारीत बसतो. नांगर टाकायचा तर खडकाच्या वर नव्हे, ओढीच्या वरच्या अंगाला वाळूत टाकायचा आणि दोर सोडत होडी खडकाच्या कडेवर आणायची. खोलीच्या निदान तिप्पट दोर, वारा असेल तर पाचपट. दोर आखूड असला की नांगर उभा ओढला जातो आणि घसरतो. नांगर बांधायचा फक्त नाळेकडून. मागच्या बाजूने बांधला तर इंजिनाच्या वजनाने आधीच खाली असलेली ती बाजू लाटेत दबते आणि पाणी आत येतं. मुरलेला तांडेल हे करणार नाही, पण हौशी माणसाला "इथूनच बांधूया" असं वाटतं, म्हणून लिहिलं.

शिसं तळाला टेकलं की तंगूस हातभर वर घ्या. तांबोशी आधी दोनदा ठकठक करते, मग ओढते. ठकठकीला झटका देऊ नका, ओढीला द्या. गोबऱ्याचं उलट आहे. तो एकदाच जड ओढ देतो आणि सरळ कपारीकडे वळतो. पहिले दोन-तीन मीटर तुम्ही त्याला न थांबता वर आणला तरच तो तुमचा. एकदा आत जाऊन त्याने गालफडं फुगवली की ओढून उपयोग नाही. तंगूस पाच मिनिटं पूर्ण सैल सोडा, पुष्कळदा तो स्वतः बाहेर येतो. अर्धा तास काहीच लागलं नाही तर जागा बदला.

सुरमईसाठी होडी चालती ठेवून बनावट मासा ओढायचा. जाता-येता हे करता येतं. 12 ते 15 सेंटिमीटरचा, खोल जाणारा, होडीमागे 30-40 मीटर, वेग ताशी 9 ते 11 किलोमीटर. दोनच दोऱ्या, वेगवेगळ्या अंतरावर. होडी वळवताना सावकाश, नाहीतर त्या एकमेकींत जातात. पाण्यावर बोये दिसले तर ते कुणाचं तरी जाळं आहे, त्याच्या जवळून दोरी ओढू नका. सुरमई होडीत येताना सगळ्यांनी पाय आवरावेत. तोंडात तीन काट्यांचे दोन गळ घेऊन उसळणारी सुरमई पायाला चांगलीच इजा करते. मासा दोरीने उचलायचा नाही, जाळीने किंवा आकड्यानेच. शेवटच्या हातभर अंतरावर दोरीने उचलतानाच सगळ्यात जास्त मासे सुटतात.

हाताळताना जपायचे मासे. शिंगाळ्याच्या (समुद्री कॅटफिश) पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक काटा असतो, तिन्ही विषारी आणि दातेरी. चिमट्याने धरा. पाखटाचा (स्टिंग-रे) काटा शेपटीत. ती होडीत घेऊच नका, बाहेरच तंगूस कापा. काटा टोचलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे 45 अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेने विषातली प्रथिनं निकामी होतात आणि वेदना उतरते. थर्मासमध्ये गरम पाणी न्यायला सांगतात ते चहासाठी नव्हे. नंतर डॉक्टरकडे जायचंच, काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. केंड (पफर फिश) फुगतो म्हणून मजेदार वाटतो, पण त्याच्या अंगातलं विष शिजवूनही जात नाही. सोडून द्या. समुद्री साप गळाला आला तर हात न लावता लांबून तंगूस कापा.

गळ हातात घुसला तर उलटा ओढू नका. काटा कातडीतून पुढे बाहेर काढा, तार कापायच्या पकडीने टोक कापा आणि उरलेला मागे घ्या. डोळ्याजवळ किंवा सांध्यात असेल तर तसाच ठेवून दवाखाना गाठा. म्हणून ती पकड सामानात हवीच, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं.

बोट लागणं. पाचांतल्या दोघांना लागेल असंच धरून तयारी करा. त्यावरची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन काम करत नाही. डॉक्टरांना विचारून एक आदल्या रात्री आणि एक निघण्याच्या तास-दीड तास आधी घ्यावी. झोप येते, म्हणून परतीचा ड्रायव्हर कोण हेही तेव्हाच ठरवा. आदल्या रात्री दारू नको, होडीत तर नाहीच. सकाळी कोरडी भाकरी, घावन, केळं. तेलकट नको, पण उपाशी पोट त्याहून वाईट. होडीत मधोमध, इंजिनाच्या धुरापासून दूर बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. मळमळ सुरू झालेल्या माणसाला खाली मान घालून आमिष कापायला लावू नका. नांगरलेली होडी चालत्या होडीपेक्षा जास्त लागते, त्यामुळे कुणी फारच कासावीस झालं तर नांगर उचलून थोडं फिरवा. पाणी माणशी तीन लिटर, दोरी असलेली टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा.

काय ठेवायचं, काय सोडायचं. 2023 साली राज्य सरकारने 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिला आहे, त्याहून लहान मासे धरणं-विकणं चुकीचं आहे. त्याची यादी मत्स्यव्यवसाय कार्यालयात मिळते. कासव, व्हेल शार्क, करवत मासा, महाकाय गोबरा हे वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. चुकून लागले तर पाण्याबाहेर न काढता तंगूस कापून सोडा. कुणी देवगडऐवजी मालवण सुचवलं तर लक्षात असू द्या की सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. किल्ल्याच्या कडेला गळ टाकायचा नाही. तुटलेली तंगूस डब्यात भरून परत आणा. पाण्यात पडलेली तंगूस वर्षानुवर्षं कासवं आणि पक्षी अडकवत राहते.

आणि बर्फ. सगळे लोक रॉडवर हजारो खर्च करतात आणि बर्फ पाच किलो नेतात. आपल्या हवेत जितका मासा तितका बर्फ हा हिशोब आहे. 15-20 किलो बंदरावरच्या कारखान्यातून फोडून घ्या, 50 लिटरची पेटी. बर्फ दोन भाग आणि समुद्राचं पाणी एक भाग असा काला केला की तो शून्याच्याही खाली जातो आणि मासा नुसत्या बर्फापेक्षा लवकर थंड होतो. मासा आला की डोक्यावर एक टोला, कल्ले कापून रक्त जाऊ द्यायचं, आणि लगेच काल्यात. हे बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) यांच्या बाबतीत चवीपुरतं नाही. हे मासे काही तास गरम राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. ते तळून-शिजवून जात नाही आणि खाल्ल्यावर तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पित्त उठणं असा त्रास होतो. लोक त्याला माशांची अॅलर्जी समजतात.

बंदरात आलात की माशांची आतडी काढा, समुद्राच्या स्वच्छ पाण्याने धुवा, काल्याचं पाणी ओतून टाका आणि पेटीत एक थर बर्फ, एक थर मासे असं भरा. पेटीचा नळ थोडा उघडा ठेवा, वितळलेल्या पाण्यात मासा भिजत राहिला की मऊ पडतो. घाट चढून कोल्हापूरला आलात की झाकण उघडून बघा, बर्फ निम्म्यावर आला असेल तर तिथेच पाच-सात किलो घालून घ्या. रॉड-रिळं त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवायची, ड्रॅग सैल करून. दोन दिवसांनी धुवू म्हटलं तर बेअरिंग गंजलेलं सापडतं.